फरशीवरचा गोंद आणि फरशीलगतची हवा

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरले की आपल्याकडे घराची डागडुजी निघते. भिंतींना रंग लागतो आणि मग लक्ष फरशीकडे जाते. जुनी फाटलेली प्लॅस्टिकची शीट उचलली जाते, उंबऱ्याजवळचे रांगोळीचे आणि लक्ष्मीच्या पावलांचे जुने स्टिकर खरवडले जातात, सतरंजी सरकू नये म्हणून लावलेल्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या काढल्या जातात. वरची वस्तू सहज निघते, गोंद मात्र फरशीवर राहतो. त्यावर धूळ बसून तो काळा पडतो आणि कितीही पुसले तरी हटत नाही. मग शेजारीपाजारी कोणीतरी सांगते, ‘थिनर ओता’, दुसरे कोणी सांगते, ‘पेट्रोलने पुसा’, तिसऱ्याचे मत अ‍ॅसिडच्या बाजूने पडते.

या सदराच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून असाच अनुभव कळविला आहे. झोपण्याच्या खोलीतील शीट काढल्यावर खाली राहिलेला गोंद त्यांनी थिनरने पुसून काढला. धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली होती. दीड-दोन तासांनी डोके जड झाले, मळमळू लागले, उठताना तोल गेला. घरच्यांना वाटले, रक्तदाब वाढला असावा. बाहेर अंगणात बसल्यावर थोडे बरे वाटले, पण रात्रभर डोके दुखत होते. हा थिनरचा परिणाम असेल का, आणि असा गोंद काढायला दुसरे काय वापरावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा होय’ असेच द्यावे लागेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावयास हवे, कारण यात चूक झाली तर केवळ डोके दुखून भागत नाही. फरशीवर वाळलेला गोंद स्वतः बहुतेक वेळा फारसा अपाय करीत नाही. धोका असतो तो त्यावर ओतल्या जाणाऱ्या पदार्थांचा आणि बंद खोलीचा.

वाफ खालीच का राहते?

गोंद विरघळवणारे थिनर, पेट्रोल, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन हे सारे कमीअधिक प्रमाणात उडून जाणारे द्रव आहेत. उघड्यावर ठेवले की त्यांची वाफ होते. फरशीवर पसरून ओतले की पृष्ठभाग वाढतो आणि वाफ झपाट्याने होते. फडक्यावरचा थिनर ‘वाळला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोठेही नाहीसा झालेला नसतो. तो खोलीच्या हवेत गेलेला असतो.

आता यातील मुख्य गोष्ट लक्षात घ्यावी. ही वाफ हवेपेक्षा जड असते. अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या सुमारे दुप्पट जड, थिनरमध्ये बहुधा असणाऱ्या टोल्युइनची सुमारे तिप्पट, तर पेट्रोलची तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ही वाफ वर छताकडे जाण्याऐवजी सुरुवातीला खालीच राहते. पाण्यासारखी फरशीवर पसरते, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जाते, मोरीत उतरते. उभ्या माणसाला वास जेवढा जाणवतो, त्यापेक्षा कितीतरी अधिक वाफ गुडघ्याच्या उंचीवर असू शकते.

आणि आपल्या घरात या उंचीवर कोण असते ते पाहा. फरशी घासणारी व्यक्ती उकिडवी बसून, मान खाली घालून, नाक फरशीपासून दीड-दोन फुटांवर ठेवून काम करते. रांगणारे मूल तर पूर्ण वेळ त्याच थरात असते. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या पोटात नव्हे, पण छातीत जास्त विषारी हवा जाते. जमिनीवर अंथरूण घालून झोपणारी माणसे, पाटावर तेवणारी समई, खाली ठेवलेली शेगडी हे सारे त्याच थरात येते. म्हणून भिंतीच्या रंगापेक्षा फरशीवर ओतलेला थिनर अधिक सावधगिरीने हाताळावा लागतो.

श्वासावाटे आत गेल्यावर

फुप्फुसांतून ही द्रव्ये फार लवकर रक्तात उतरतात आणि रक्तातून मेंदूकडे जातात. ती चरबीत विरघळणारी असतात आणि मेंदूत चरबीयुक्त पदार्थांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे परिणाम काही मिनिटांत दिसू लागतो. सुरुवातीला डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड होते. पुढे मळमळ, भोवळ, पावलांचा तोल जाणे, असंबद्ध बोलणे, झोप येणे असा क्रम असतो. पुष्कळदा हे दारू प्यायलेल्या माणसासारखे दिसते. ताज्या हवेत आणल्यावर बहुतेकांना काही तासांत बरे वाटते.

परंतु दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली अशी की, नाकाला वासाची सवय होते. पहिल्या दहा मिनिटांत असह्य वाटणारा वास अर्ध्या तासाने जाणवेनासा होतो, म्हणून वाफ कमी झाली असे समजू नये. दुसरी अशी की, भोवळ येण्यापूर्वीच विचारशक्ती मंद होते. आपल्याला त्रास होतो आहे हे त्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. म्हणून असे काम घरात एकट्याने करू नये.

दमा असलेल्यांना थोड्या वाफेनेही धाप लागू शकते. गर्भवती स्त्रियांनी या कामापासून दूरच राहावे. हृदयविकार असलेल्यांनीही हे काम अंगावर घेऊ नये, कारण यातील काही द्रव्ये जास्त प्रमाणात गेल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. शाळकरी व रस्त्यावरील मुलांमध्ये गोंद हुंगण्याचे व्यसन आढळते, त्यात अचानक मृत्यू येतो तो बहुधा याच कारणाने. घरात ‘सोल्युशन’चा डबा वा नळी असेल तर ती मोजून व कुलपात ठेवणे हे पालकांचे काम आहे.

हे झाले एखाद्या दिवसाच्या कामाविषयी. ज्यांचा रोजचा धंदाच गोंदाचा आहे, म्हणजे शीट बसविणारे कारागीर, चपला-बूट व पिशव्या चिकटविणारे लोक, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. रबरी सोल्युशनमध्ये काही वेळा हेक्झेन नावाचे द्रव्य असते. महिनोन्‌महिने ते श्वासावाटे जात राहिले तर शरीरात त्याचे रूपांतर होऊन हातापायांच्या लांब नसांना इजा होते. पायांची बोटे बधिर होतात, मुंग्या येतात, पुढे चप्पल पायातून निसटते आणि जिना चढणे अवघड होते. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरच्या घरी, बंद खोल्यांत बसून सपाता चिकटविणाऱ्या कामगारांमध्ये हा विकार मोठ्या प्रमाणात आढळला, तेव्हा त्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले. अशा कारागिरांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून केवळ टॉनिक घेत बसू नये. आपला व्यवसाय काय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रंग व गोंद सोलून काढण्याच्या काही तयार द्रावांत मेथिलीन क्लोराइड असते. ते सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे ते सुरक्षित आहे असा समज होतो. वस्तुतः शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून निघणारा तोच घातक वायू, तयार होतो. त्याची वाफही हवेपेक्षा जड असते. बंद न्हाणीघरात काम करणारी माणसे यामुळे दगावल्यानंतर अमेरिकेत २०१९ साली रंग काढण्याच्या घरगुती द्रावांतून हे द्रव्य वगळण्याचा नियम झाला. डब्यावर हे नाव दिसले तर तो डबा घरातील कामासाठी घेऊ नये.

जिवावर बेतणारा दुसरा धोका: आग

पेट्रोलला पेट घेण्यासाठी उन्हाळ्याची गरज नसते. आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ होत असते. थिनरचेही जवळजवळ तसेच आहे. रॉकेल त्या मानाने उशिरा पेट घेते. रॉकेलवर हात बसलेल्या पिढीला वाटते की पेट्रोलही तसेच वापरता येईल. आता रॉकेल पूर्वीसारखे घरोघरी राहिलेले नाही आणि त्याच्या जागी मोटारसायकलच्या टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून वापरले जाते. ही अदलाबदल फार महागात पडू शकते.

काडी पेटवली तरच आग लागते असेही नाही. फरशीवर पसरलेली वाफ शेजारच्या स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत किंवा देवघरातील निरांजनापर्यंत पोचते, तेथे पेटते आणि ज्वाळा त्याच वाटेने उलटी येऊन काम करणाऱ्या माणसाला गाठते. बसून काम करणाऱ्याचे लुगडे, साडीचा पदर किंवा ओढणी प्रथम पेटते. विजेचे बटण दाबताना, फ्रीज आपोआप सुरू होताना बारीक ठिणगी पडते, तीही पुरते. वास भरला म्हणून घाईघाईने पंखा सुरू करणे म्हणूनच धोक्याचे. अशा वेळी कोणत्याही बटणाला हात न लावता दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, घरात फरशी पुसण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. थोडेसेही नाही, खिडकी उघडूनही नाही.

अ‍ॅसिडने गोंद निघत नाही

संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड ओतले की शहाबादी फरशीवर फेस येतो. फेस पाहून काहीतरी साफ होते आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो फेस फरशी विरघळत असल्याचा असतो. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, मोझॅकमध्येही सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. अ‍ॅसिडने चुना विरघळतो, फरशीची चकाकी कायमची जाते आणि गोंद मात्र बराचसा तसाच राहतो. व्हिनेगर व लिंबू ही सौम्य असली तरी अ‍ॅसिडेच आहेत, त्यांनीही अशा फरशीवर पांढुरके डाग पडतात.

आरोग्याच्या दृष्टीने मोठा धोका पुढचा आहे. अ‍ॅसिडने काम झाले नाही म्हणून त्याच जागी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी टाकले जाते. या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने तोही खालीच साचतो. ठसका, डोळ्यांतून पाणी, छातीत जळजळ, धाप अशी लक्षणे होतात. थोड्या वेळाने बरे वाटले तरी काही जणांच्या फुप्फुसांत काही तासांनी पाणी साठून धाप वाढते. म्हणून असा वायू छातीत गेल्यावर खोकला व धाप राहिल्यास रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे. सफाईची दोन द्रव्ये एकत्र करू नयेत, हा नियम घरातील प्रत्येकाला आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवावा.

मग गोंद काढावा कसा?

प्रथम गोंद कोणता आहे ते ओळखावे. त्यावर पद्धत अवलंबून असते.

पांढरा, पाण्यात मिसळणारा, सुतार वापरतात तो फेव्हिकॉलच्या जातीचा गोंद: हा सर्वांत सोपा. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात जुना टॉवेल भिजवून गोंदावर अर्धा-पाऊण तास अंथरून ठेवावा. गोंद फुगून पांढरा पडतो. मग रंगारी लांबी भरायला वापरतात ती पातळ पोलादी पट्टी किंवा बोथट जुने उलथने आडवे धरून तो खरवडावा. एका वेळी दोन हात लांबीचाच तुकडा घ्यावा. उकळते पाणी ओतण्याची गरज नाही, त्याने गोंदापेक्षा पाय भाजण्याची शक्यता अधिक.

स्टिकर व चिकटपट्टीचा चिकटा: खाण्याचा सोडा व गोडेतेल समप्रमाणात कालवून तो लेप अर्धा तास लावून ठेवावा, मग फडक्याने चोळून साबणाच्या पाण्याने पुसावे. केस वाळविण्याचे यंत्र घरात असेल तर त्याच्या गरम हवेनेही स्टिकर सैल होतो. मात्र थिनर वा अ‍ॅसिटोन लावलेल्या जागी असे यंत्र चुकूनही चालवू नये. तेल शहाबादी किंवा संगमरवरी फरशीत मुरून डाग राहतो, म्हणून प्रथम कोपऱ्यात करून पाहावे.

पिवळसर, उग्र वासाचे रबरी सोल्युशन: हे पाण्याने विरघळत नाही. वाळलेले असेल तर पुष्कळसा भाग नुसता पट्टीने खरवडून निघतो. गरम हवेने थोडे मऊ केले की बोटांनी गोळा करता येते. नव्वद टक्के काम या मार्गाने करावे आणि राहिलेल्या पातळ थरासाठीच, अगदी नाइलाज असेल तर, थिनर वापरावा. तोही फरशीवर न ओतता फडक्यावर चार चमचे घेऊन.

दोन नळ्यांतला मिसळून लावायचा कडक गोंद: हा एकदा घट्ट झाला की घरगुती द्रवाने विरघळत नाही. तो पटाशीने अलगद उडवावा किंवा फरशीवाल्याकडून काढून घ्यावा. हा गोंद ओला असताना उघड्या हाताने हाताळू नये. काहींना त्याची अ‍ॅलर्जी होऊन हाताला खाज व पुरळ येते. ती एकदा जडली की पुढे थोड्या संपर्कानेही परत येते.

क्षणात चिकटणारा पातळ गोंद: याचा थेंब फरशीवर सांडला तर कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नये. सुताशी त्याची क्रिया होऊन एकदम उष्णता निर्माण होते, धूर निघतो आणि बोट भाजू शकते. थेंब वाळू द्यावा आणि मग खरवडावा.

खरवडताना आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या काळच्या काही कडक विनाइल टाइलींत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले असे. अशा टाइली किंवा त्याखालचा गोंद कोरडा घासू नये, त्यावर यंत्र फिरवू नये. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी विकार होतात. दगडी व सिमेंटच्या फरशीची धूळही छातीला वाईटच. जागा पाण्याने ओली ठेवून काम केले की धूळ उडत नाही.

काम झाल्यावर फरशी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. तेलाचा किंवा साबणाचा बुळबुळीत थर राहिला तर घरातील म्हातारी माणसे घसरतात. गोंदापायी खुब्याचे हाड मोडून घेणे परवडणारे नाही.

थिनर वापरावाच लागला तर

सकाळी, ऊन-वारा असताना काम करावे. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात, म्हणजे हवा आरपार वाहते. एकच खिडकी उघडून भागत नाही. शेगडी, गॅसचा गीझर, समई, उदबत्ती सर्व बंद करावे. फ्रीज जवळ असेल तर त्याचे बटण काम सुरू करण्यापूर्वीच बंद करावे. मुले, गर्भवती व दमेकरी यांना दुसरीकडे पाठवावे. दर पंधरा मिनिटांनी उठून बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोके जड होताच काम त्या दिवसापुरते थांबवावे, ‘एवढा कोपरा संपवते’ असे म्हणू नये.

नाकाला रुमाल किंवा साधा मास्क बांधल्याने धूळ अडते, वाफ अडत नाही. तो बांधून बंद खोलीत बसण्यात काही अर्थ नाही. पातळ रबरी हातमोज्यांतूनही थिनर झिरपतो. म्हणून मोजे आतून ओले वाटताच काढून टाकावेत. उरलेला थिनर मोरीत ओतू नये. वापरलेली फडकी कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत, ती अंगणात किंवा गच्चीवर पसरून पूर्ण वाळवावीत. त्या रात्री त्या खोलीत, विशेषतः जमिनीवर, झोपू नये.

नवी शीट चिकटवतानाही हाच विचार करावा. पाण्यात मिसळणारा गोंद चालत असेल तर कारागिराला तोच वापरावयास सांगावे. डब्यावर ज्वाळेचे चित्र असेल तर वर सांगितलेली सर्व दक्षता घ्यावी. शीट बसवल्यावर दोन-तीन दिवस, वास पूर्ण जाईपर्यंत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रांगत्या मुलाला त्या खोलीत सोडू नये. बारशाच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये, आठवडाभर आधी उरकावे.

अंगावर, डोळ्यांत किंवा पोटात गेल्यास

कातडीला थिनर लागला तर साबण-पाण्याने धुवावे आणि नंतर खोबरेल तेल लावावे. थिनर कातडीतील स्निग्धता काढून घेतो, म्हणून हात कोरडे पडून भेगाळतात. हाताला लागलेला गोंद थिनरने धुण्याची सवय पुष्कळ कारागिरांना असते, ती सोडावी. उंदरासाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यावर मुलाचा पाय पडला तर ओढू नये, गोडेतेल चोळत चोळत सोडवावा.

क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत व अलगद सोलल्यासारखी सोडवावीत. पापण्या चिकटल्या तर जोर करू नये, ब्लेड-कात्री लावू नये आणि अ‍ॅसिटोन तर डोळ्याजवळही नेऊ नये. कोमट पाण्याची ओली पट्टी ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पापण्या साधारणपणे एक ते चार दिवसांत आपोआप सुटतात, पण आत बुबुळाला इजा नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

डोळ्यांत थिनर किंवा अ‍ॅसिड उडाले तर इतर काही न करता नळाच्या स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटे धुवावा. डॉक्टरांकडे धावण्यापूर्वी हे धुणे झालेच पाहिजे. त्यावरच पुष्कळदा दृष्टी वाचणे अवलंबून असते.

वाफेने भोवळ आलेल्या माणसाला उचलून मोकळ्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवावे, तोंडात पाणी घालू नये आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आगीसाठी १०१ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल भरून ठेवणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय आहे. काम फरशीवर चालते म्हणून बाटलीही फरशीवरच असते आणि तहानलेले मूल ती उचलून तोंडाला लावते. अशा वेळी मुलाला मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. हे द्रव पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक अपाय करतात आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. नुसता एखादा घोट श्वासनलिकेत गेला तरी रासायनिक न्यूमोनिया होतो. दूधही पाजू नये. तोंड पुसावे, भिजलेले कपडे काढावेत आणि बाटलीसह मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. मूल खेळत असले तरी निदान सहा तास त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण खोकला व धाप उशिराही सुरू होऊ शकते. अ‍ॅसिड प्यायले गेले तरी उलटी करवू नये आणि उतारा म्हणून सोडाही देऊ नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे आहे की, डोकेदुखी थांबली असेल आणि आता तोल जात नसेल तर काळजीचे कारण नाही. तक्रार राहिली असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्या दिवशी किती वेळ, कोणत्या खोलीत, काय वापरले ते सांगावे. राहिलेला गोंद गरम पाणी, पट्टी आणि रोज थोडा वेळ या हिशेबाने काढावा. आठ दिवस लागतील. फरशीला त्याची घाई नसते, घाई आपल्याला असते. खिडकी उघडून, हळूहळू केलेले काम फरशीलाही चांगले आणि छातीलाही.